सरेंडर व्हॅल्यू

आमच्या शाखेला २५ वर्षे पूर्ण झाली तेव्हा स्टाफने वर्गणी काढली. वर्गणी काढणे हा बँकेतल्या माणसांचा आवडता उद्योग आहे. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजून कंटाळा आला, की कधीतरी आपलेही मोजावेसे वाटतात. ९,८०० रुपये जमले. हेडकॅशियरनी खिशातून २०० घालून १०,००० चा आकडा पुरा केला. अर्धवट आकडा पाहिला की त्यांना रात्री झोप लागत नाही. मग या पैशांचे काय करायचे यावर मीटिंग झाली. भिंतीवरचे घड्याळ, पाण्याचा कूलर, सत्यनारायण असे करत करत गाडी शेवटी शाखेच्या मागच्या गल्लीतल्या मराठी शाळेपाशी येऊन थांबली. तिथल्या मुलांना इंग्रजी गोष्टींची पुस्तके द्यायची असे ठरले.

"पुस्तकं निवडणार कोण?" मॅनेजरसाहेबांनी विचारले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. वर्षातून एकदा कुठल्यातरी दिवाळी अंकात माझा एखादा लेख येतो, एवढाच माझा गुन्हा. "हे लिहितात ना!" हेडकॅशियर म्हणाले. मराठीत लिहितो म्हणून इंग्रजी पुस्तके निवडायची! चहा बरा करतो म्हणून एखाद्याला आसामातल्या मळ्यावर मॅनेजर नेमण्यातलाच हा प्रकार.

मी साधा बी.कॉम. माणूस. इंग्रजीशी माझे संबंध कामापुरते. गेली २० वर्षे मी रजेचा अर्ज इंग्रजीत करतो, पण तो मजकूर माझा नाही. एका रिटायर झालेल्या क्लार्कने तो मला वारशाने दिला. त्यात मी दर वेळी 'इनडिस्पोज्ड' असतो. म्हणजे नेमके काय दुखते, हे मी अजून डॉक्टरलाही विचारलेले नाही.

तरी बरे, सल्ला द्यायला सगळे तयार होते. मॅनेजरसाहेब म्हणाले, "गोष्टीत बोध पाहिजे. मुलांवर संस्कार झाले पाहिजेत." शाळेच्या बाई म्हणाल्या, "शब्द सोपे हवेत हं! नाहीतर मुलं पहिल्याच पानावर अडतात." हेडकॅशियर म्हणाले, "पानं जास्त आणि किंमत कमी. बाकी तुम्ही बघा." घरी आल्यावर सौ.ला विचारले, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मुलांना विचारलंत का?"

तिच्याकडे मी दुर्लक्ष केले. नवऱ्यांची ती रीतच आहे.

माझ्या डोळ्यांसमोर माझी पाचवी उभी राहिली. आमच्या थोरल्या काकांच्या वेळी मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून असे. आमच्या वेळी पाचवीपासून झाले. २००० सालापासून तर महाराष्ट्रात ते पहिलीपासूनच आले. इंग्रजी असे पिढीगणिक खाली खाली उतरत आलेले आहे. आणखी दोन पिढ्यांनी ते बारशालाच गाठेल. तर पाचवीत आमचे गुरुजी फळ्यावर शब्द लिहीत. हार्ट म्हणजे हृदय, दहा वेळा लिहा. लिव्हर म्हणजे यकृत, दहा वेळा लिहा. बोर्डावरची ती शरीराची दुकानदारी मी वहीत उतरवून घेतली, पण त्यातला एकही अवयव माझ्या कधी अंगी लागला नाही.

त्याच वर्षी पुण्याच्या मामांनी मला एक इंग्रजी गोष्टीचे पुस्तक पाठवले. तीन अस्वले, एक सोनेरी केसांची मुलगी आणि तीन वाडग्यांत पॉरिज. पॉरिज म्हणजे काय? गुरुजींनी डिक्शनरी काढली आणि गंभीरपणे सांगितले, "लापशी." आता आमच्या घरी लापशी व्हायची ती कोणाला ताप आला तर. तेव्हा इंग्लंडातली ती तीनही अस्वले एकदम आजारी पडली आहेत, आणि अशा घरात ती मुलगी शिरून रोग्याचे पथ्याचे अन्न खाते आहे, असा मी अर्थ लावला. मला त्या अस्वलांची फार दया आली. पण पुस्तक पुढे वाचवेना. एका पानात अकरा शब्द अडले होते. मामांचे पुस्तक माळ्यावर गेले आणि त्याच्याबरोबर माझे इंग्रजीही.

असो. बँकेतल्या माणसाला कुठलेही नवे काम दिले, की तो पहिल्यांदा जुनी फाइल मागतो. 'मागच्या वेळी कसं केलं होतं?' हा आमचा गायत्री मंत्र. मीही तेच केले. परकी भाषा शिकणाऱ्या पोरांसाठी गोष्टी निवडण्याचे काम आपल्या आधी कोणाकोणावर पडले होते, ते पाहायला रोज संध्याकाळी नगर वाचनालयात जाऊन बसू लागलो. आणि काय सांगावे! फाइल उघडली ती थेट पंचतंत्रापर्यंत गेली.

पंचतंत्राची सुरुवात तुम्हाला आठवत असेल. अमरशक्ती राजाचे तीन मुलगे, तिघेही ढ. ऐंशी वर्षांचे विष्णुशर्मा येतात आणि म्हणतात, सहा महिन्यांत यांना शहाणे करीन, नाही तर नाव टाकीन. राजाने देऊ केलेली इनामेही त्यांनी नाकारली. फी नाही आणि गॅरंटी सहा महिन्यांची! आजच्या एखाद्या क्लासवाल्याला हे ऐकवून पाहा, तो 'इनडिस्पोज्ड' होईल. पण विष्णुशर्म्यांनी व्याकरण काढले नाही. त्यांनी गोष्टी काढल्या, आणि अशा काढल्या की एका गोष्टीच्या पोटातून दुसरी निघावी. पोरांना उठताच येऊ नये!

या गोष्टींचा पुढचा प्रवास मी वाचला आणि मला आमचे क्लिअरिंग आठवले. एकच चेक एंडोर्स होत होत किती हातांतून जावा? सहाव्या शतकात इराणच्या दरबारातल्या बुर्झोई नावाच्या वैद्याने त्या संस्कृतातून पहलवीत नेल्या. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्या अरबीत केल्या. तिथून हिब्रूत, हिब्रूतून लॅटिनमध्ये, पुढे स्पॅनिशमध्ये, मग इटालियनमध्ये, आणि १५७० साली थॉमस नॉर्थ या गृहस्थाने इटालियनमधून त्यांतल्या काही इंग्रजीत आणल्या. वाटेत थोडीफार कारकुनी चूक व्हायचीच. आपल्या गोष्टीत माकडाची दोस्ती मगरीशी. अरबीत जाईपर्यंत मगरीचे कासव झाले. खातेदार तोच, फक्त नाव चुकीचे लागले.

आणि उलट बाजूनेही माल येत होता. तहानलेला कावळा आपण सगळे आपलाच समजतो. आपल्याच अंगणातला माठ, आपल्याच अंगणातले खडे. पण तो कावळा ग्रीक! इसापाचा. कॅक्स्टनने १४८४ मध्ये इसाप इंग्रजीत छापला, आणि १८२८ साली मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी तो मराठी मुलांसाठी आणला. हे बापू छत्रे म्हणजे त्या वेळच्या शाळापुस्तक मंडळीचे चिटणीस. म्हणजे जवळजवळ आमच्याच जातीचे, टेबलावर बसून काम करणारे. त्याच वर्षी त्यांनी 'बाळमित्र'ही दिला. मूळ पुस्तक बेर्कें नावाच्या फ्रेंच लेखकाचे, तिथून ते इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत. थोडक्यात, आपण माकड निर्यात केले आणि कावळा आयात केला. ट्रेड बॅलन्स बरोबर.

पण या सगळ्या जुन्या फायलीत मला आमचे मॅनेजरसाहेबच पानोपानी दिसू लागले. गोष्टीत बोध पाहिजे! बेर्कें काय, इसाप काय, मोठ्या माणसांनी गोष्टी निवडल्या त्या शेवटच्या ओळीकडे पाहून. १८३५ मध्ये मेकॉलेसाहेबांनी इंग्रजी शिक्षणाचा तो सुप्रसिद्ध खलिता लिहिला आणि नंतर आपल्याकडे इंग्रजीची जी शाळा भरली, तीत विलायतेतली घरच्या पोरांसाठी लिहिलेली पुस्तकेच येऊ लागली. ज्याला बर्फ माहीत नाही त्याने स्नोवर निबंध लिहावा, आणि ज्याने लापशी फक्त तापात पाहिली त्याने अस्वलाचा ब्रेकफास्ट समजून घ्यावा. पोराला हे समजते की नाही, हे खाते कोणी उघडलेच नव्हते.

ते खाते पहिल्यांदा नीट उघडणारा माणूस सापडला तो ढाक्यात. हा माझा या सगळ्या भानगडीतला सर्वांत मोठा फायदा. मायकेल वेस्ट. हा इंग्रज शिक्षणखात्यातला अधिकारी, ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचा प्रमुख. बंगाली मुले इंग्रजी कशी शिकतात ते हा माणूस वर्षानुवर्षे मोजत बसला होता. १९२६ साली त्याचा जाडजूड अहवाल निघाला. तो चाळताना एका शब्दावर मी खुर्चीतल्या खुर्चीत उडालो. वाचनालयातल्या पेन्शनर मंडळींनी पेपरांवरून माझ्याकडे पाहिले.

तो शब्द होता 'सरेंडर व्हॅल्यू'.

आता सरेंडर व्हॅल्यू म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको. विम्याची पॉलिसी वीस वर्षांची, माणसाने सहा वर्षांत हप्ते थांबवले, तर त्याच्या हातात काय पडेल? काउंटरवर हा प्रश्न विचारणाऱ्यांचे चेहरे मला पाठ आहेत. कोणाची नोकरी गेलेली असते, कोणाच्या घरात आजारपण असते. हौसेने पॉलिसी कोणी मोडत नाही. वेस्ट म्हणाला, शाळेचेही तसेच आहे. इंग्रजी सुरू करणाऱ्या पोरांतली पुष्कळशी शेवटपर्यंत टिकतच नाहीत. दोन वर्षांनी, चार वर्षांनी कोणी शेतावर जाते, कोणी दुकानात. सगळा अभ्यासक्रम मात्र शेवटपर्यंत टिकणाऱ्या मूठभरांसाठी आखलेला! मग मधेच सुटलेल्या पोराच्या हातात काय? चार वर्षे व्याकरणाचे हप्ते भरले, बोलता येत नाही, लिहिता येत नाही, वाचता येत नाही. सरेंडर व्हॅल्यू शून्य. म्हणून, तो म्हणाला, आधी वाचायला शिकवा. पोराला साधे पुस्तक वाचता येऊ लागले, की शाळा कधीही सुटली तरी तेवढे त्याच्याजवळ राहील.

पण वाचायचे काय? वेस्टने शाळेची रीडरे तपासली. बाईंची तक्रार त्याने बाईंच्या जन्माआधीच नोंदवून ठेवली होती. एकेका पानात नव्या शब्दांची नुसती खेचाखेच! त्यातही 'ईअर' आणि 'नॉट' असले, खुद्द विलायतेतही फक्त कवितेत उरलेले शब्द. त्याने ते हाकलले आणि रोजच्या वापरातले घातले. नवे शब्द पुस्तकभर सारख्या अंतराने पेरले आणि एकदा आलेला शब्द पुन्हा पुन्हा भेटेल अशी व्यवस्था केली. ओळखीची माणसे रोज काउंटरवर दिसली की नावे पाठ होतात, तसे. या हिशेबाने त्याने आपली 'न्यू मेथड' रीडरे काढली. १९३५ मध्ये तर त्याने एक डिक्शनरी केली, तिच्यात सुमारे २४,००० शब्द आणि वाक्प्रचारांचे अर्थ अवघ्या १,४९० शब्दांत सांगितले. आमच्या एका सर्क्युलरला याहून जास्त शब्द लागतात आणि तरी अर्थ कळत नाही.

हा माणूस मला फार आवडला. परक्या मुलखात येऊन, मधेच गळणाऱ्या पोरांचा हिशेब मांडणारा माणूस. आमच्या पाचवीतल्या गुरुजींना तो भेटला असता, तर माझी लापशी वाचली असती.

पण हिशेब म्हटला की कमिटी आलीच. १९३४ साली न्यूयॉर्कला शब्द मोजणाऱ्यांची परिषद भरली. ढाक्याचे वेस्ट, टोकियोत जपानी मुलांना इंग्रजी शिकवण्याचे काम करणारे हॅरॉल्ड पामर, चीनमध्ये तेच काम केलेले फॉसेट. परक्या पोरांना आधी कोणते शब्द द्यावेत, यावर खल झाला. पहिला अहवाल १९३६ मध्ये आला आणि पक्की यादी निघाली १९५३ मध्ये. सुमारे २,००० शब्दांची यादी आणि १९ वर्षे. मधे एक महायुद्ध झाले, हे धरले तरी कमिटी ती कमिटीच.

शब्द मोजण्याचे हे वेड एकदा अंगात शिरले की काय होते, तेही फाइलमध्ये होते. ऑग्डेन नावाच्या केंब्रिजच्या विद्वानाने १९३० साली सबंध इंग्रजी भाषा ८५० शब्दांत बसवली. त्यात क्रियापदे १८! मला मोह आवरेना. यादी समोर घेऊन मी आपली माकड-मगरीची गोष्ट त्यात बसवायला घेतली. माकड होते. मगर नव्हती. कावळा नाही, सिंह नाही. बरे, माकडाने जांभळे खावीत, तर 'खाणे' हे क्रियापदच नाही. त्याने ती 'घ्यावीत'. मगरीवाचून, जांभळांवाचून, न खाता-पिता ते माकड झाडावर नुसते बसून राहिले. हिशेब तंतोतंत टॅली झाला आणि गोष्ट मेली. हे बँकेतही होते. दिवसअखेर सगळे आकडे जुळतात, पण काउंटरवरचा माणूस उपाशीच परत गेलेला असतो.

शब्द मोजायचे आणि गोष्टही मरू द्यायची नाही, हे करून दाखवले ते एका अमेरिकन गमत्या माणसाने. डॉक्टर स्यूस. हा परक्या पोरांसाठी लिहीत नव्हता, अमेरिकेतल्याच पोरांसाठी लिहीत होता, पण दुखणे तेच. तिथली पहिली-दुसरीची रीडरे इतकी गुळगुळीत की पोरे जांभया देत. प्रकाशकाने शब्दांची यादी हातात दिली आणि म्हटले, यातून असे पुस्तक करा, की पोराने खाली ठेवू नये. या माणसाने वर्षाहून अधिक काळ डोके खाजवले आणि १९५७ मध्ये टोपीवाल्या मांजराचे पुस्तक काढले. वेगळे शब्द अवघे २३६. पाऊस पडतोय, आई बाहेर गेली आहे, आणि घरात शिरलेले मांजर जो काही धुमाकूळ घालते! बोध औषधालासुद्धा नाही. पुढे त्याच्या प्रकाशकाने ५० डॉलरची पैज लावली, की ५० शब्दांत पुस्तक करून दाखव. १९६० मध्ये तेही झाले. ५० पैकी ४९ शब्द एका दमात म्हणता येतील असे एकेका स्वराचे. पैजेचे पैसे मात्र आपल्याला कधी मिळाले नाहीत, असे ते सांगत. बुडीत खाती सगळीकडे असतात.

तरीही माझ्यातला कारकून म्हणत होता, हे सगळे ठीक, पण व्हाउचर कुठे आहे? गोष्टींनी परकी भाषा येते, याला पुरावा? तो सापडला फिजी बेटांवर. १८७९ पासून उसाच्या मळ्यांवर गिरमिटात हजारो हिंदी माणसे जिथे नेली, तेच फिजी. तिथली पोरे घरी एक भाषा बोलत आणि शाळेत इंग्रजी शिकत, आपल्यासारखीच. १९८० साली वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई या दोघांनी एक साधा प्रयोग सुरू केला. खेड्यांतल्या काही शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजी गोष्टींची अडीच-अडीचशे चित्रमय पुस्तके दिली. काही वर्गांत बाई मोठ्याने वाचून दाखवत, मुले त्यावर बोलत, चित्रे काढत, नाटक करत. काही वर्गांत मुले रोज नुसती स्वतःशी वाचत. उरलेल्या शाळांत नेहमीचे धडे, वाक्ये घोकून घेणे चालू. आठ-नऊ महिन्यांनी परीक्षा घेतली, तर पुस्तकवाली मुले वाचण्यात आणि ऐकून समजण्यात साधारण दुप्पट वेगाने पुढे गेलेली. दुसऱ्या वर्षी तर तो फायदा इतर विषयांतही दिसू लागला.

दुप्पट! बँकेत मी आजवर कोणालाही आठ महिन्यांत दुप्पट करून दिलेले नाही. बाहेर कोणी देतो म्हणाले, तर पोलिसांत कळवावे असा आमच्याकडे बोर्ड आहे.

एवढी फाइल वाचून मी दुकानात गेलो. वेस्टचा नियम धरून एकेक पुस्तक मधूनच उघडायचे. एका पानात चार-पाचपेक्षा जास्त अडणारे शब्द दिसले की परत ठेवायचे. आणि अडणे मोजायला माझ्याइतके योग्य माणूस शोधून सापडले नसते. जिथे मी अडेन, तिथे पाचवीतले पोर अडणारच. माझे इंग्रजी आयुष्यात प्रथमच कोणाच्या उपयोगी पडले. मॅनेजरसाहेबांसाठी थोर पुरुषांची बोधपर चरित्रे घेतली, हेडकॅशियरसाठी एक जाडजूड स्वस्त ठोकळा घेतला. उरलेल्या पैशांत प्राण्यांच्या, भुतांच्या, चोरांच्या, चित्रांच्या गोष्टी घेतल्या. सगळी मिळून ७४ पुस्तके. बिल ९,९६० रुपये. उरलेल्या ४० रुपयांची पेपरमिंटे घेतली, म्हणजे हेडकॅशियरना झोप लागावी.

शाळेत सतरंजीवर पुस्तके मांडली. मॅनेजरसाहेबांनी भाषण केले. मग सौ.चे म्हणणे आठवून मी बाईंना म्हटले, "पोरांना आपापली घेऊ दे." दहा मिनिटांत सतरंजीवर थोर पुरुष तेवढे उरले.

आता मावशींबद्दल सांगायला हवे. आमच्या शाखेत झाडू-फरशीला येणाऱ्या मावशी. त्यांची नात त्याच शाळेत सहावीला. शाळा सुटली की ती शाखेत येते आणि आजीचे काम होईपर्यंत पासबुक छापायच्या मशीनशेजारी बसते. मागे एकदा मावशी म्हणाल्या होत्या, "सायेब, पोरगी हुशार हाय, पर इंग्रजीला लई भितीया. दोनदा नापास झाली त्यात. तिचा बाप म्हंतोय, सातवी झाली की बास. गवंड्याच्या हाताखाली रोज मिळतोय." त्या वेळी मी 'बघू या, बोलू या' असे काहीतरी म्हटले होते. बँकेत हे वाक्य लोन नाकारताना वापरतात.

पुस्तके दिल्यानंतर साधारण महिन्याने असेल. साडेपाच वाजून गेले होते. कॅश टॅली होत नव्हती म्हणून सगळे खोळंबलेले. ती पोरगी मशीनशेजारी बसून बोट ठेवून पुटपुटत होती. जवळ जाऊन पाहिले तर माकड आणि मगर! इंग्रजीत. १५७० सालापासून इंग्रजीशी ओळख काढत काढत विष्णुशर्म्यांची चोपडी आमच्या शाखेत येऊन पोचली होती, आणि मगरीची मगरही पुन्हा झाली होती.

मला परीक्षा घेण्याची हुक्की आली. मी 'हार्ट' या शब्दावर बोट ठेवले. "याचा अर्थ सांग बरं."

"काळीज," ती म्हणाली.

"बाईंनी सांगितलं?"

"नाही काका." तिने माझ्याकडे जरा कीवच केल्यासारखे पाहिले. "मगरीच्या बायकोला तेच तर खायचंय ना! आणि माकड म्हणतं, ते झाडावर राहिलं. दुसरं काय असणार?"

मी गप्प झालो. हार्ट म्हणजे हृदय, हे मी पाचवीत दहा वेळा लिहिले होते. 'बाय हार्ट' केले होते. तरी ते वहीतच राहिले. या पोरीला ते कोणी लिहायला लावले नाही. माकडाचा जीव वाचतो की नाही, हे तिला कळायला हवे होते, आणि त्या धडपडीत शब्द आपोआप हाताला लागला. वेस्टच्या यादीत काय, ऑग्डेनच्या यादीत काय, एक शब्द कोणाला घालता आला नाही, आणि तो पोराच्या तोंडून आपोआप निघाल्याखेरीज गोष्ट निवडलेली फुकट जाते. तो शब्द म्हणजे 'मग?'

मावशी फरशी पुसता पुसता जवळ आल्या होत्या. पोरगी एक इंग्रजी ओळ वाचायची आणि आजीला मराठीत सांगायची. माकड मगरीच्या पाठीवर बसून नदीच्या मधोमध आले, तिथे तिने पान उलटायला मुद्दाम वेळ लावला.

"मंग?" मावशी म्हणाल्या.

"अगं आजी, तूच तर सांगितलेली ही गोष्ट मला!"

"आगं पर इंग्रजीत काय झालं ते सांग की!"

इकडे कॅशमध्ये १०० रुपयांचा फरक सापडला, सगळे निघायच्या गडबडीत लागले. मी खुर्चीतून उठलो नाही. मला गोष्ट पुरी व्हायला हवी होती.

ती आता सातवीत आहे. सहामाहीत इंग्रजीत ५२ मिळाले. तिचा बाप अजून नक्की काही बोललेला नाही. त्याची मजुरी पाऊस पाहून ठरते. मी दोनदा त्याला भेटलो, एकदा त्याने चहा पाजला. पुढच्या जूनमध्ये काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण समजा पॉलिसी मोडावी लागलीच, तरी या पोरीच्या हातात काहीतरी पडेल. तिला एक पुस्तक उघडून शेवटपर्यंत वाचता येते. ते कोणी परत घेऊ शकत नाही.

परवा हे सगळे, अगदी ढाक्याच्या वेस्टसाहेबापासून, सरेंडर व्हॅल्यूसकट मी मावशींना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि बादली उचलत म्हणाल्या, "ते इम्याचं आमाला काय कळत न्हाई, सायेब. ती पुस्तकं वाचून झाली समदी तिची. दुसरी कवा आणताय?"

मी उद्यापासून वर्गणी काढणार आहे. हेडकॅशियरनी आत्ताच २०० रुपये बाजूला काढून ठेवले आहेत.